फणसाला जामीन

द्वारकाकाकूंनी गजाला कापलं नाही. कोयत्यावरचं रक्त कोंबड्याचं होतं.

ही दोन वाक्यं मी तरुणपणी, पोलीस चौकीतल्या लाकडी बाकावर बसून बोलायला हवी होती. ती आज लिहितो आहे. मधली सगळी वर्षं मी गप्प होतो असं नाही. उलट मी फार बोललो. "आमच्या शेजारी एक कोयतेवाली बाई होती" अशी सुरुवात करून मी द्वारकाकाकूंची गोष्ट लग्नाच्या पंगतींत, ऑफिसच्या सहलींत, मुंजीच्या मांडवांत सांगत आलो. त्यांचा आवाज काढायचो, त्यांच्यासारखा कमरेवर हात ठेवायचो. लोक हसून हसून लोळायचे. शेवटी गजाची बोटं तुटतात तिथे मी जरा थांबायचो, म्हणजे हशाला जागा मिळे.

गेल्या महिन्यात लेकीच्या सोसायटीत गच्चीवर भाज्या लावणाऱ्या मंडळींचं जेवण होतं. कुंडीतली मेथी, पिंपातला टोमॅटो, सगळं कौतुकाने चाललेलं. लेक म्हणाली, "बाबा, ती कोयतेवाली सांगा ना यांना." मी सुरुवात केली. फणसापाशी आलो आणि पुढे बोलवेना. कुणीतरी पाणी आणलं. सगळ्यांना वाटलं, वय झालं. वय झालंच आहे, म्हणून आता खरं काय ते लिहून ठेवतो.

आमची इमारत मुलुंडला, रुळांच्या पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला होती. दुमजली, लाकडी कठड्याची, पुढे कच्चा रस्ता आणि मागे नाल्यापर्यंत उतरत गेलेली मोकळी जागा. ती जमीन खारी. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी साय धरायची, लव्हाळ्याशिवाय तिथे काही उगवत नसे. द्वारकाकाकू राणे आणि त्यांचे यजमान बापू लढाईच्या दिवसांत तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत राहायला आले. मी बायकोला आणि वडलांना घेऊन त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत आलो तेव्हा लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, आणि त्या खाऱ्या जागेवर केळी होत्या, शेवगा होता, मांडवावर पडवळ आणि दोडके लोंबत होते. खाली वांगी, मिरच्या, तांबडा माठ, अळू. कुंपणावर वाल. कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं आणि मधोमध एक फणस.

ही सगळी माती काकूंनी डोक्यावरून आणलेली होती. पश्चिमेच्या डोंगरपायथ्याची तांबडी माती, तबेल्यातलं शेण, रेल्वे यार्डात इंजिनं रिकामी करत ती राख, आणि कोळणींकडे उरलेलं मासळीचं कुट. हे कुट मातीत घातलं की आमच्या गॅलरीत उभं राहवत नसे. माझे वडील, तात्या, संध्या करताना नाकाला उपरणं लावत. एकदा ते कठड्यावरून ओरडले, "त्या घाणीने आमची संध्या भ्रष्ट होते आहे." काकू वर न बघता मला म्हणाल्या, "रे भटा, म्हाताऱ्याक सांग, सकाळी देवाक वाहता ती जास्वंद खंयच्या खतावर फुलता ता इचारून घे." तात्यांनी दोन दिवस देवाला नुसती तुळस वाहिली. मग पुन्हा जास्वंद सुरू झाली.

काकूंची बोली मालवणी, तिच्यात मुंबईची भर पडलेली. ठेंगण्या, रुंद, काष्टा कसलेला, पोटऱ्या दगडासारख्या. कमरेला मागे लाकडी आकडी बांधलेली आणि तिच्यात कोयता. बाजारात जातानाही तो निघत नसे. बाजारात त्या जात फक्त मीठ, रॉकेल आणि कपड्यासाठी. बाकी काही विकत आणायचं नाही, हा त्यांचा पण. भाताचं तेवढं जमत नव्हतं. त्यासाठी नाल्याकडच्या ओलीत त्या दर पावसाळ्यात एक वाफा लावत आणि दर वर्षी तो खारं पाणी खाऊन टाके. "ह्या वर्साक नाय, फुडल्या," म्हणत त्या पुन्हा बांध घालत. तोवर बापूंच्या गावाहून येणारे तांदूळ.

माझी त्यांची ओळख दगडाने झाली. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत आरसा टांगून दाढी करत होतो. मगातलं साबणाचं पाणी मी सहज खाली फेकलं. खालून दगड आला आणि आरसा फुटला. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या शेंड्याला दगड बांधतात. तसे दगड काकूंच्या मांडवावर डझनावारी लोंबत असत आणि हाताशी असत.

"वर कोण आसा?"

मी अर्ध्या साबणाच्या तोंडाने वाकलो.

"माज्या मिरच्यांचे डोळे जाळलंस. तुजे फोडू?"

"चुकून झालं हो, काकू."

"काकू कोणाची? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"म्हणजे भट. बरा. आंघोळीचा पाणी मोरीतसून सोड, केळींक व्हया. साबणाचा येगळा ओत. आणि नवो आरसो हाडशीत तेवा आत टांग."

इमारतीतल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी त्यांनी स्वतः पाट खणून केळींकडे वळवलं होतं. कुणी सोड्याचं पाणी सोडलं तर त्या दारात जाऊन उभ्या राहत. नुसत्या उभ्या राहत, हात मागे आकडीवर. तेवढ्याने भागे.

मी त्यांना भीत होतो आणि तरी ऑफिसातून आलो की खाली जाऊ लागलो. बादल्या ओढायचो, मांडव बांधायला हात लावायचो. सगळे त्यांना टाळत आणि मला त्या जवळ करत याचा मला थोडा गर्वही होता.

त्यांच्या बागेत माया वगैरे शब्द कुणी वापरू नये. ती लढाई होती. घुशींनी सुरण पोखरला तेव्हा त्यांनी बिळाच्या एका तोंडात उकळतं पाणी ओतलं आणि दुसऱ्या तोंडाशी मुसळ घेऊन बसल्या. एक एक घूस भाजलेल्या अंगाने बाहेर येई आणि मुसळ खाली येई. आवाज ओल्या नारळासारखा. पिल्लंही सोडली नाहीत. मग सगळ्यांना शेपट्यांनी कुंपणावर टांगलं, बाकीच्यांनी बघावं म्हणून. माझी बायको कुमुद त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, "काकू, पिल्लांना तरी..." त्यांनी मुसळ धुवत विचारलं, "वांगी आवडतत ना तुका?" मी हो म्हटलं. "मग गप रव."

बापू गिरणीत होते. सडपातळ, खोकणारे, फार कमी बोलणारे. ते असे नव्हते, असं इमारतीतले जुने लोक सांगत. सुरुवातीला पिऊन येत आणि काकूंना भिंतीवर आपटत. एके दिवशी काकूंनी कोयत्याची उलटी बाजू त्यांच्या मनगटावर घातली. हाड जुळल्यावर बापूंनी पुन्हा हात उचलला नाही, आणि पुढे त्याच वाकड्या मनगटाने ते निमूटपणे वाफे भरत. एकदा पाणी पाजता पाजता तेच मला हळूच म्हणाले, "वाईट नाय ती. तिका येक रांग आडवी इली."

ती रांग काय, ते काकूंनी मला एकदाच सांगितलं, अळू कापताना. लढाईत रेशन आलं तेव्हा त्या पोटुशी होत्या, दिवस भरत आलेले. धान्याच्या दुकानापुढे सकाळपासून उभ्या. दार उघडलं आणि माणसं तुटून पडली.

"मागसून धक्को बसलो. पायरेवर पडलंय. माणसां वरसून गेली. पोटातला थंयच गेला." अळूचा देठ सोलत त्या म्हणाल्या, "पिशी मात्र सोडलंय नाय. घट्ट धरलेली. घराक येवन बघलंय, तर पिशी रिकामी."

मी पुढची जुडी त्यांच्याकडे सरकवली. त्या म्हणाल्या, "तेवाच ठरवलंय. दुसऱ्याच्या दाण्यासाठी परत रांगेत उभी रवाची नाय. मरान, पण उभी रवाची नाय."

फणस त्यांनी त्याच वर्षी लावला होता. त्याचं त्यांनी कधी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. झाड उत्तम वाढलं होतं, पण फळ धरत नव्हतं. फळ न धरणाऱ्या झाडाला धमकावायची त्यांच्या गावी रीत. एकाने कोयता घेऊन झाड तोडायला जायचं, दुसऱ्याने आडवं पडून त्याच्यासाठी रदबदली करायची. झाड ऐकतं आणि घाबरतं. हे दुसऱ्याचं काम आधी बापूंकडे होतं. पण बापू ते शब्द असे पुटपुटत की झाडालाच काय, शेजारच्या कोंबडीलाही ऐकू जाऊ नये. म्हणून एका वर्षी पौषात काकूंनी मला उभं केलं.

"तू कचेरीत बोलतंस. मोठ्यान बोल."

त्यांनी कोयता उपसला आणि फणसाच्या बुंध्यावर एक घाव घातला. पांढरा चीक आला.

"तोडू काय ह्याका?"

"नको, काकू, नको तोडू."

"कित्याक नको? खाता, पिता, फळ देणा नाय." दुसरा घाव.

"पुढच्या वर्षी धरेल."

"कोण सांगता?"

"मी सांगतो."

"जामीन कोण?"

"मी जामीन," मी घसा फोडून म्हटलं. वर गॅलरीत कुमुद पदर तोंडाला लावून हसत होती. काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कोयता आकडीत घातला आणि बुंध्यावरच्या घावांना शेण लावलं. त्यानंतर दर पौषात मी जामीन राहिलो. फणस धरला नाही तरी काकू माझा जामीन स्वीकारत राहिल्या.

आता गजा. हा मालकांचा माणूस. भाडं गोळा करायचा आणि दारूबंदीचे दिवस असल्यामुळे मिठागरांच्या मागे हातभट्टीही चालवायचा. त्याच्या अंगावर चाकूचे जुने वण होते, ते तो शर्ट काढून दाखवे. मालकांना मागच्या जागेवर दुसरी इमारत उठवायची होती. खोलीतून भाडेकरू काढणं कायद्याने सोपं नव्हतं आणि मागची जागा काकूंच्या खोलीला जोडलेली, तेव्हा काकू हलल्याशिवाय काही होत नव्हतं. मालक एकदा स्वतः आले, धोतर सावरत.

"बाई, जागा माझी आहे."

"जागा तुमची," काकू म्हणाल्या. "माती माजी. जागा घेवन जावा, माती हंयच ठेवा."

मालक हसले आणि निघून गेले. त्यानंतर गजा येऊ लागला.

पहिल्यांदा त्याने भोपळ्याचे वेल बुडातून कापले. वेल बुडात कापला की लगेच कळत नाही. दुपारी ऊन चढल्यावर सगळी पानं एकदम माना टाकतात. काकूंनी पानं पाहिली, बुंधा पाहिला. पुढल्या खेपेला गजा कुंपण ओलांडून आला तेव्हा त्या अळवात बसलेल्या होत्या.

"ए बाई, बाजूला हो. वाट लागेल तुझी, सांगून ठेवतो."

काकूंनी पडवळाचा दगड पदराच्या टोकात बांधलेला होता. पदर गरकन फिरला. गजाच्या तोंडात तो दगड बसला तेव्हा मी वरून पाहत होतो. तो गुडघ्यांवर आला, दात हातात पडले. काकूंनी दुसऱ्यांदा फिरवला तो खांद्यावर, तिसऱ्यांदा पाठीवर. बापू मध्ये पडले म्हणून चौथा चुकला. गजा रक्त थुंकत कुंपणापलीकडे गेला आणि तिथून म्हणाला, "तुला आत टाकीन, राणेबाई."

"पडलेले दात घेवन जा," काकू म्हणाल्या. "माज्या मातयेत नको."

ही झाली माझ्या गोष्टीतली सगळ्यांत लोकप्रिय जागा. ती खरी आहे. याच्यापुढचं मी जे सांगत आलो ते खरं नाही.

त्याच पावसाळ्याआधी काकूंनी राखण द्यायचं ठरवलं. जागेला राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा, ही कोकणातली रीत. रविवार होता. कुमुद बाळंतपणाला माहेरी गेलेली, तात्या सकाळीच ठाण्याला एका नातेवाइकाकडे. बापू पाळीवर. राखणीला गाऱ्हाण्याला साथ देणारं कुणीतरी लागतं. काकूंनी खालून हाक मारली, "रे भटा, येतंस? नुसता 'व्हय म्हाराजा' म्हणूचा हा."

मी गेलो. फणसाच्या बुडाशी एक दगड होता, शेंदूर लावलेला. काकूंनी तांबडा कोंबडा धरला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा. पायान येता, पोटान येता, कुंपण मोडून येता, जा कोण येता तेका थंयच थांबव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या लेकरांनी घाम गाळून माती हाडली, ती माती तू राख रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

एका घावात मान गेली. धड त्यांच्या हातात बराच वेळ थडथडत राहिलं, रक्त दगडावर, फणसावर, त्यांच्या लुगड्यावर. राखणीचा कोयता त्या दिवशी धुवायचा नाही, सूर्य मावळेपर्यंत देवापुढे तसाच ठेवायचा, असं त्यांच्या घरी होतं. त्यांनी तो दगडाला टेकवून ठेवला.

मग त्यांनी कोंबडा रांधला. मी तिथून उठलो नाही. मी बसून राहिलो, हे काही त्यांनी मला करायला लावलं नव्हतं. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा वास सुटला होता. ताट पुढे आलं.

"खा. प्रसाद आसा. प्रसादाक जात नाय."

मी खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि दोनदा मागून घेतलं. काकू समोर उकिडव्या बसून वाढत होत्या आणि मी हाडं कशी चोखतो ते बघून प्रथमच मनापासून हसल्या. हाडं, पिसं सगळं फणसाखालच्या खड्ड्यात पुरलं. त्या घरात काही वाया जात नसे. मग मी वर गेलो, चूळ भरली आणि तात्या यायच्या आत तुळशीची मूठभर पानं चावून खाल्ली.

आम्ही जेवत होतो त्याच सुमारास मिठागरांच्या बांधावर गजाला कुणीतरी कापलं. खांद्यावर खोल वार आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. कुणी कापलं ते मला आजही माहीत नाही. भट्टीवाल्यांची आपसात वैरं होती आणि त्यांची नावं घेण्याची गजाची छाती नव्हती. त्याने काकूंचं नाव घेतलं.

दुपारी पोलीस आले. लुगड्यावर रक्त, कोयत्यावर रक्त. काकूंनी कोयता द्यायला नकार दिला, "देवाचो आसा, सूर्य मावळांदे." शिपायाने हात घातला तेव्हा त्या त्याच्या दंडाला कडकडून चावल्या. मग दोघातिघांनी मिळून त्यांना केसांना धरून ओढत नेलं. सगळी इमारत कठड्यांवर उभी होती. मीही.

संध्याकाळी चौकीत मला बोलावलं. मी वरच्या मजल्यावरचा, कचेरीतला, शिकलेला. माझ्या खोलीतून मागची सगळी जागा दिसते. तात्या म्हणाले, "मी येतो सोबत," आणि आले.

काकू जमिनीवर बसलेल्या होत्या. एक डोळा सुजून मिटलेला.

"कोंबडो कापलोहा," त्या फौजदाराला सांगत होत्या. "फणसाखाली खणून बघा. पिसां गावतली."

"राणेबाई, तुमच्या घरी कोंबड्या आहेत. पिसं रोजच सापडतील. त्या वेळी तुमच्याबरोबर होतं कोण?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी बसलेल्या तात्यांकडे, त्यांच्या शेंडीकडे, मांडीवर ठेवलेल्या उपरण्याकडे. या बाईचे शब्द कधी अडत नसत. तोंडात आलं ते तिने मालकाला ऐकवलं, शिपायाला ऐकवलं, देवालाही ऐकवलं असतं. ती म्हणाली, "कोण नाय. मी एकलीच होतंय."

फौजदार माझ्याकडे वळला. "तुम्ही काय पाहिलंत?"

"कोयता पाहिला," मी म्हटलं.

"त्याला रक्त होतं?"

"होतं."

"कसलं?"

दातांत कुठेतरी एक तंतू अडकलेला होता. जिभेला तो लागत होता. तात्या माझ्याकडे बघत होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

काकूंनी मान खाली घातली. फौजदाराने लिहून घेतलं. परतताना तात्या म्हणाले, "बरं झालं, नसत्या भानगडीत पडला नाहीस."

प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच नाही. मालकांनी मध्यस्थी केली. खोली सोडा, गजा म्हणेल की वार मागून आला, चेहरा नीट दिसला नाही. बापूंनी वाकड्या हाताने अंगठा उठवला. काकू सुटून आल्या तेव्हा मागे त्यांच्या स्वागताची तयारी झालेली होती. वाफे तुडवलेले, मांडव अर्धा पाडलेला, आणि सगळ्या कोंबड्या मुरगळून कुंपणावर ओळीने टांगलेल्या, काकू घुशी टांगत तशा. काकूंनी त्या एकेक सोडवल्या आणि पुरल्या.

जायच्या दिवशी त्यांनी चौकीतून परत मिळालेला कोयता पहाटेपासून चालवला. जे उभं राहिलं होतं ते त्यांनी स्वतः आडवं केलं. केळी एका एका घावात, आतलं पाणी अंगावर उडत होतं. शेवगा, मग वालाचं कुंपण. अळू मुळासकट. मग त्या आणि बापू मिठागरातून पोत्यांनी मीठ घेऊन आले आणि सगळ्या तांबड्या मातीवर त्यांनी ते फेकलं, पेरावं तसं मुठी मुठीने. मालक धावत आले.

"अहो बाई, हे काय चालवलंय?"

"जागा होती तशी परत करतंय," काकू म्हणाल्या. "बघून घेवा."

तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "बाई पिसाळली." सगळे कठडे माणसांनी भरलेले होते.

शेवटी फणस राहिला. त्याच्या बुडाशी शेंदराचा दगड. काकू त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. एक घाव घातला.

"तोडू काय ह्याका?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

पाठ माझ्याकडे होती. कुणालाच काही कळलं नाही. बापूंना कळलं, त्यांनी वर पाहिलं.

काकूंनी वाट पाहिली. कोयत्यावरून चीक ओघळत होता. मग त्या स्वतःच म्हणाल्या, माझ्या बोलीत, माझ्या आवाजासारखा आवाज काढून, "नको, काकू, नको तोडू. पुढच्या वर्षी धरेल." कठड्यांवर कुणीतरी हसलं.

"जामीन कोण?"

आता त्या वळल्या आणि सरळ माझ्या गॅलरीकडे बघू लागल्या. सुजलेला डोळा अजून पुरता उघडला नव्हता. तात्यांचा हात कठड्यावर माझ्या हाताशेजारी होता. दोन शब्द होते. ते मी त्याच झाडासाठी कितीतरी वेळा घसा फोडून म्हटले होते.

मी ते म्हटले नाहीत.

काकू वळल्या. मग त्या थांबल्या नाहीत. कोवळं झाड नव्हतं ते, खूप वेळ लागला. पडताना त्याने उरलेला मांडव सोबत नेला. चिकाने काळा पडलेला कोयता त्यांनी तिथेच टाकला, आकडी सोडून त्याच्यावर फेकली आणि बोचकं उचलून पुढच्या रस्त्याने गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मध्ये काही वर्षं गेली होती. कुर्ल्याला एका ऑफिसच्या मित्राकडे गेलो होतो. परतताना गल्लीत स्वस्त धान्याच्या दुकानापुढे रांग लागलेली होती, बायकांची, पुरुषांची. रांगेत द्वारकाकाकू होत्या. काष्ट्याऐवजी साधं गोल लुगडं, कमरेला काही नाही. हातात कापडी पिशवी, दोन्ही मुठींनी छातीशी धरलेली.

मी समोरच्या फुटपाथावर उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही.

दुकानाची फळी उघडली आणि रांग एकदम पुढे लोटली. काकूंच्या मागे एक दांडगा माणूस होता. त्याने त्यांना खांद्याने जोरात धक्का दिला. त्या भेलकांडल्या, पुढच्या बाईच्या पाठीवर आदळल्या.

मी वाट पाहिली. मला खात्री होती की आता त्या वळतील. तो माणूस पुढच्या क्षणी जमिनीवर असेल. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात म्हणत होतो, काकू, घाला, घाला त्याला.

काकूंनी पदर सारखा केला. पिशवी आणखी घट्ट धरली आणि एक पाऊल पुढे सरकल्या.